कमरेचा पट्टा आणि परीक्षेची पायरी

रहाटणी हे पवनेच्या खोऱ्यातील मूळचे शेतीचे गाव असून तेथील तापकीर मळ्यासारखी स्थलनामे अजूनही त्या शेतीची खूण सांगतात. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, त्यामागोमाग महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतींत वाहने आणि त्यांचे सुटे भाग बनविणारे कारखाने आले, १९७० मध्ये पिंपरी-चिंचवडची नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली, आणि पुढे चाकणची औद्योगिक वसाहत व हिंजवडीचे संगणक उद्यान विस्तारू लागल्यावर तेथे नोकरी करणाऱ्या कुटुंबांसाठी कोकणे चौक, शिवार चौक, नखाते वस्ती या परिसरात गृहसंकुले दाटीने उभी राहिली. या संकुलांची क्लब हाऊस, शाळांची पटांगणे आणि भाड्याने मिळणारी सभागृहे येथे संध्याकाळी भरणारे कराटे, तायक्वांदो आणि ज्युदोचे वर्ग हा आता या उपनगराच्या दिनक्रमाचा भाग झाला आहे. पांढऱ्या पोशाखावर पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा किंवा तपकिरी पट्टा बांधलेली मुले, काही महिन्यांच्या अंतराने होणारी ‘बेल्ट परीक्षा’, तिचे शुल्क आणि तिचे प्रमाणपत्र या गोष्टी पालकांच्या इतक्या सवयीच्या झाल्या आहेत, की ही प्रथा युद्धकलेइतकीच जुनी असावी असे सहज गृहीत धरले जाते.

हे गृहीतक चुकीचे आहे. काळ्या पट्ट्याला दीडशे वर्षे पूर्ण झालेली नाहीत, त्याखालचे रंगीत पट्टे शंभर वर्षांच्या आसपासचे आहेत, आणि त्यांचा उगम रणांगणावर किंवा मठात झालेला नसून एका शिक्षकाच्या शाळाविषयक विचारातून आणि नंतर युरोपातील मंडळांच्या सोयीतून झाला आहे. पट्टा ही योद्ध्याची निशाणी नसून परीक्षेची पायरी आहे, असे मानल्यावरच त्याचा इतिहास नीट उलगडतो, आणि मराठी मध्यमवर्गाने तो इतक्या विनासायास का स्वीकारला याचेही उत्तर मिळते.

जपानमधील जुन्या शस्त्रविद्या व कुस्तीविद्या वेगवेगळ्या घराण्यांत विभागलेल्या होत्या. तेथे शिष्याची प्रगती त्याच्या वेशावरून कळत नसे. गुरू त्याला टप्प्याटप्प्याने लेखी अधिकारपत्रे देत असे. पहिल्या टप्प्यावर किरिगामी म्हणजे छोटा कागद, पुढे मोकुरोकु म्हणजे घराण्यातील डावांची यादी असलेली गुंडाळी, त्यानंतर मेन्क्यो म्हणजे शिकविण्याचा परवाना, आणि सर्वांत शेवटी मेन्क्यो काइदेन, म्हणजे घराण्याचे सर्व ज्ञान हस्तांतरित झाल्याची ग्वाही, असा साधारण क्रम असे. दोन टप्प्यांमध्ये कित्येक वर्षे जात, टप्पे मोजकेच असत, आणि हा सारा व्यवहार गुरू व शिष्य या दोघांपुरता राही. बाहेरच्या माणसाने एखाद्याकडे पाहून त्याचा अधिकार ओळखावा, अशी कोणाची अपेक्षाच नव्हती.

पायऱ्यांची बारीक मांडणी आली ती एका बैठ्या खेळातून. गो हा चौकटींच्या पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी खेळला जाणारा खेळ असून, सतराव्या शतकात होनिन्बो घराण्याचा प्रमुख दोसाकु याने खेळाडूंची ताकद ‘डॅन’ या चढत्या श्रेणींत बसविण्याची पद्धत रूढ केली. तिचा उपयोग अगदी व्यावहारिक होता: दोन खेळाडूंच्या श्रेणींत जितके अंतर, तितकी सवलत दुबळ्या खेळाडूला सुरुवातीलाच द्यायची, म्हणजे सामना बरोबरीचा होईल. मारामारीच्या कलेतील सर्वांत मानाची पदवी पटावरच्या खेळातून उसनी घेतलेली आहे, ही गोष्ट ब्लॅक बेल्टच्या जाहिरातींत सहसा आढळत नाही.

ही उसनवारी केली जिगोरो कानो (१८६०–१९३८) यांनी. तेन्जिन शिन्यो आणि कितो या दोन घराण्यांचे जुजुत्सु, म्हणजे निःशस्त्र झुंजीची विद्या, शिकलेल्या या तरुण पदवीधराने १८८२ मध्ये टोकियोतील एइशो-जी या बौद्ध मंदिरात बारा चटयांच्या जागेत आणि नऊ शिष्यांसह कोडोकान ही संस्था सुरू केली. कानो हे आयुष्यभर शिक्षणक्षेत्रात वावरले. टोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे ते दीर्घकाळ प्रमुख होते, आणि १९०९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर गेलेले ते पहिले आशियाई सदस्य. १८७२ मध्ये जपानने नवी शालेय व्यवस्था आखली होती, आणि इयत्ता, अभ्यासक्रम, परीक्षा यांची भाषा देशभर नवी व ताजी होती. त्या काळात जुजुत्सुतील घातक डाव वगळून, उरलेल्यांची शास्त्रशुद्ध मांडणी करून ज्युदो हा शरीरशिक्षणाचा एक विषय घडविणे हा कानोंचा हेतू होता, आणि अशा विषयाला गुप्त गुंडाळ्यांपेक्षा इयत्तांची गरज अधिक होती.

कोडोकानने १८८३ मध्ये शिरो साइगो आणि त्सुनेजिरो तोमिता या दोन शिष्यांना पहिला डॅन दिला. त्या वेळी त्यांना कोणताही निराळा पट्टा मिळाला नाही; पद फक्त नोंदले गेले. १८८६ च्या सुमारास डॅनधारकांनी काळा पट्टा बांधावा असा प्रघात पडला, पण तो पट्टा म्हणजे नेहमीच्या जपानी वस्त्रावर गुंडाळण्याची रुंद ओबी होती. आज रहाटणीतल्या क्रीडासाहित्याच्या दुकानात मिळतो तशा जाड सुती बंडीचा व अरुंद पट्ट्याचा पोशाख, म्हणजे ज्युदोगी, १९०७ च्या सुमारास आकाराला आला. डॅनच्या खाली असणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पायऱ्यांना ‘क्यू’ म्हणतात, आणि त्या उलट्या मोजल्या जातात: दहावा किंवा सहावा क्यू हा नवशिक्याचा, पहिला क्यू हा काळ्या पट्ट्याच्या उंबरठ्यावरचा. डॅन मात्र पहिल्यापासून दहाव्यापर्यंत चढत जातात. जपानमध्ये प्रौढ क्यू-विद्यार्थ्यांना दीर्घकाळ पांढरा आणि वरच्या क्यूंना तपकिरी पट्टा एवढेच पुरेसे वाटले. हिरव्या-निळ्याची तेथे निकड नव्हती. वरच्या टोकाला मात्र भर पडली: सहाव्या ते आठव्या डॅनसाठी तांबड्या-पांढऱ्या तुकड्यांचा आणि नवव्या-दहाव्या डॅनसाठी संपूर्ण तांबडा पट्टा ठरविण्यात आला.

पट्टा घाम आणि मातीने मळत मळत पांढऱ्याचा काळा झाला आणि त्यातून ब्लॅक बेल्ट जन्माला आला, ही कथा जगभरच्या वर्गांत सांगितली जाते आणि तिला कोणताही ऐतिहासिक आधार नाही. काळा पट्टा पहिल्या दिवसापासून रंगविलेला आणि नियमाने दिलेला होता. शिवाय ज्या समाजात स्वच्छता हा सरावाच्या जागेचा पहिला नियम आहे, तेथे वर्षानुवर्षे न धुतलेला पट्टा हे गुरुत्वाचे लक्षण मानले जाईल, ही कल्पनाच विसंगत आहे. एकच पट्टा काटकसरीने पुन्हा पुन्हा गडद रंगात बुडविला जाई, म्हणून रंग फिक्याकडून गडदाकडे जातात, हा दुसरा खुलासा ऐकायला अधिक पटण्याजोगा असला तरी त्यामागचा पुरावाही तितकाच विरळ आहे.

मधले रंग आले ते युरोपातून. गुंजी कोइझुमी यांनी १९१८ मध्ये लंडनमध्ये बुडोक्वाय हे मंडळ स्थापन केले, १९२० मध्ये कानोंनी त्याला भेट दिली, आणि १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धातील या मंडळाच्या कागदपत्रांत पांढऱ्या आणि काळ्याच्या दरम्यानच्या रंगीत पट्ट्यांचे उल्लेख मिळतात. १९३५ मध्ये पॅरिसला आलेल्या मिकिनोसुके कावाइशी यांनी पांढरा, पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी आणि काळा हा क्रम तेथे पक्का केला, आणि फ्रान्समधून तो जगभर पसरला. कारण सरळ होते. आठवड्यातून दोनदा, कामावरून सुटल्यावर येणाऱ्या आणि मंडळाची वर्गणी भरणाऱ्या प्रौढ हौशी विद्यार्थ्याला काळ्या पट्ट्यापर्यंतची अनेक वर्षे कोऱ्या पांढऱ्या पट्ट्यावर काढायला सांगितले, तर तो मध्येच गळतो. दर काही महिन्यांनी दिसणारे लहान यश त्याला टिकवून ठेवते. या योजनेला व्यापारी म्हणून हिणविणारे पुष्कळ आहेत, परंतु अध्यापनशास्त्राच्या दृष्टीने ती चूक नव्हती, आणि मंडळांच्या खजिन्याला तिचा लाभ झाला म्हणून तिची उपयुक्तता कमी ठरत नाही. मुलांच्या शिक्षणात तर ती विशेष फळली, कारण प्रौढाला वर्ष जितके लांब वाटते त्याहून सात वर्षांच्या मुलाला तीन महिने अधिक लांब वाटतात.

कराटेने हे सारे ज्युदोकडून तयार स्वरूपात घेतले. ओकिनावा बेटांवर ही विद्या लहान लहान गटांत, अंगणात, रोजच्याच कपड्यांत शिकविली जाई. तिला गणवेश नव्हता, श्रेणी नव्हती, पट्टा नव्हता. १९२२ मध्ये गिचिन फुनाकोशी (१८६८–१९५७) यांनी टोकियोत तिचे प्रात्यक्षिक केले, कानोंच्या निमंत्रणावरून कोडोकानमध्येही ते दाखविले, आणि १९२४ मध्ये आपल्या शिष्यांना कराटेतील पहिले डॅन दिले. १८९५ मध्ये क्योतो येथे स्थापन झालेल्या बुतोकुकाय या अखिल जपानी युद्धकला संस्थेने १९३३ मध्ये कराटेला मान्यता दिली, त्या सुमारास पांढरा पोशाख, पट्टा आणि क्यू-डॅन या गोष्टी कराटेच्या अंगभूत वाटू लागल्या होत्या. कोरियात १९५५ मध्ये तायक्वांदो हे नाव स्वीकारले गेले आणि १९६६ मध्ये चोइ होंग ही यांनी आंतरराष्ट्रीय तायक्वांदो महासंघ स्थापन केला. रंगांना अर्थ चिकटविण्याचे काम मुख्यतः या परंपरेत झाले: पांढरा म्हणजे निरागस आरंभ, पिवळा म्हणजे बी रुजणारी माती, हिरवा म्हणजे वाढणारे रोप, निळा म्हणजे रोप ज्याच्या दिशेने झेपावते ते आकाश, तांबडा म्हणजे धोक्याची सूचना, आणि काळा म्हणजे पांढऱ्याच्या उलट, परिपक्वता. हा अर्थबोध सुंदर आहे, रहाटणीतल्या मुलांनाही तो तोंडपाठ असतो, पण तो रंगांच्या मागाहून आलेला आहे. आधी रंग ठरले, मग त्यांचे भाष्य लिहिले गेले.

हे भाष्य सार्वत्रिक नाही, याची साक्ष रंगच देतात. तायक्वांदोत तांबडा पट्टा काळ्याच्या लगेच खाली असतो. ज्युदोत तोच तांबडा सर्वोच्च असून तो बांधण्याचा मान फार थोड्यांच्या वाट्याला येतो. क्योकुशिन कराटेत पांढऱ्यानंतर नारिंगी, मग निळा, मग पिवळा, मग हिरवा आणि तपकिरी असा क्रम आहे, म्हणजे तेथे निळ्याचा विद्यार्थी पिवळ्याच्या मागे असतो, आणि युरोपीय ज्युदोत नेमके याच्या उलट. केन्दो या जपानी तलवारबाजीत डॅन आहेत, पण त्यांची कोणतीही दृश्य खूण पोशाखावर नाही. सुमो कुस्तीत तर सरावाच्या वेळी वरच्या दोन विभागांतील मल्ल पांढरी मवाशी, म्हणजे जाड लंगोटवजा पट्टा, बांधतात आणि कनिष्ठ मल्ल काळी. पांढरा कच्चा व काळा पक्का हे समीकरण जपानच्या सर्वांत प्रसिद्ध मल्लविद्येलाच ठाऊक नाही. रंगाला स्वतःचा अर्थ नसतो, तो त्या त्या संस्थेच्या नियमपुस्तिकेत असतो, हे यावरून पुरेसे स्पष्ट व्हावे.

नियमपुस्तिका केवळ कौशल्यच नोंदविते असेही नाही. कोडोकानमध्ये स्त्रियांच्या काळ्या पट्ट्याच्या मधोमध लांबीभर एक पांढरी रेघ असे, आणि पाचव्या डॅनच्या वर स्त्रियांना बढतीच मिळत नसे. कानोंच्या थेट शिष्या केइको फुकुदा (१९१३–२०१३) यांना आणि मासाको नोरितोमी यांना १९७२ मध्ये सहावा डॅन मिळाला, तेव्हा ही मर्यादा प्रथमच ओलांडली गेली. फुकुदांना दहावा डॅन मिळाला तो २०११ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, आणि तोही अमेरिकेतील संघटनेकडून. रहाटणीच्या वर्गांत मुलींची संख्या डोळ्यांत भरण्याजोगी असते आणि त्यांच्या पट्ट्यावर कोणतीही वेगळी रेघ नसते, ही घटना या पार्श्वभूमीवर फारशी जुनी नाही.

भारताशी ज्युदोचा संबंध पट्ट्यांच्या प्रसाराच्याही आधीचा आहे. रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून जिन्नोसुके सानो हे १९०५ मध्ये शांतिनिकेतनात आले होते, आणि १९२९ मध्ये शिंझो ताकागाकी यांनी तेथे मुलांना व मुलींना ज्युदो शिकविण्यास सुरुवात केली. भारतीय ज्युदो महासंघ १९६५ मध्ये स्थापन झाला. तथापि सामान्य शहरी कुटुंबापर्यंत या कला पोहोचल्या त्या १९७३ च्या ‘एंटर द ड्रॅगन’ या चित्रपटाने उठविलेल्या लाटेवर, आणि त्या लाटेत कराटे हा शब्द सर्वच प्रकारांसाठी वापरला जाऊ लागला.

ज्या प्रदेशात ही लाट आली तो मल्लविद्येच्या बाबतीत रिकामा नव्हता, आणि येथेच तुलना खरोखर उद्‍बोधक ठरते. कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या चालुक्य राजांपैकी सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लविनोद नावाचे प्रकरण असून, त्यात मल्लांचे ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक आणि गोवल असे तीन वर्ग शरीर, बळ व कौशल्य यांवरून पाडले आहेत, आणि त्यांचा आहार, सराव व जोडी लावण्याची रीत यांचेही वर्णन आहे. श्रेणी ठरविणे ही काही जपानची मक्तेदारी नव्हती, हे यावरून दिसते. फरक इतकाच की येथील श्रेणी राजाश्रयाच्या व जोड लावण्याच्या सोयीसाठी होती, विद्यार्थ्याला पुढच्या इयत्तेत घालण्यासाठी नव्हती.

पेशवाईपासून चालत आलेल्या पुण्याच्या तालमींत, उदाहरणार्थ चिंचेच्या तालमीत, किंवा मावळ-हवेलीच्या गावोगावच्या आखाड्यांत, दर्जा ओळखण्याची पद्धत याहूनही मोकळी होती. तालमीत सर्वांचा वेश एकच, लंगोट. सर्वांच्या अंगाला माती एकच, हौद्यातली, ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून मळलेली. वस्तादाला कोणाचा दर्जा काय हे ठाऊक असे, कारण रोज पहाटे जोर-बैठका आणि लढत त्याच्या नजरेखाली होत. गावाला तो कळे जत्रेच्या फडात. फडातील कुस्त्या रेवड्यांपासून सुरू होत, नारळावरच्या कुस्त्या लागत, पुढे रुपयांची इनामे चढत जात, आणि दिवस मावळता मावळता पहिल्या क्रमांकाची निकाली कुस्ती होई. कोण किती इनामाच्या जोडीत उभा राहिला, ही त्याची श्रेणी. तिला प्रमाणपत्र नव्हते आणि ती कायमचीही नव्हती, कारण पुढच्या जत्रेत चितपट झालेला पैलवान त्याच गर्दीसमोर खाली उतरत असे. १९६१ मध्ये औरंगाबादला पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा होऊन दिनकर दह्यारी पहिले मानकरी ठरले, आणि पुढे विजेत्याच्या खांद्यावर येणारी चांदीची गदा हे या परंपरेचे सर्वोच्च चिन्ह बनले. पण गदा एकालाच मिळते आणि पुढच्या वर्षी ती नव्याने जिंकावी लागते. रहाटणीपासून फार दूर नसलेल्या भोसरीत ही कुस्तीची परंपरा आजही जोमात आहे आणि २०१३ ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा तेथेच भरली होती.

तालमीची ही व्यवस्था अधिक प्रामाणिक होती, असे म्हणण्याचा मोह होतो आणि त्यात तथ्यही आहे. मात्र ती सर्वांसाठी नव्हती. ज्या मुलाला पैलवान व्हायचे नाही, ज्याच्या घरी खुराकाचे दूध-बदाम परवडत नाहीत, किंवा जी मुलगी आहे, अशा कोणासाठीही त्या शिडीला पहिली पायरीच नव्हती. पट्ट्यांची शिडी नेमकी येथे उपयोगी पडली: जो कोणालाही हरविणार नाही त्यालाही ती काल तो जेथे होता त्याच्या पुढे गेल्याचे सांगते. कानोंची शाळा आणि वस्तादाची तालीम यांच्यातील खरा भेद हा आहे. एक शिकलेले मोजते, दुसरी जिंकलेले.

शिकलेले मोजण्याच्या पद्धतीशी मराठी मध्यमवर्गाची ओळख कराटेच्या कितीतरी आधीची होती. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन करून घराण्याघराण्यांत बंद असलेले गाणे अभ्यासक्रमात मांडले, आणि त्यांच्या निधनानंतर १९३१ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाने प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा परीक्षांची परंपरा गावोगाव नेली. कानो आणि पलुसकर यांच्या कार्यातील साम्य विलक्षण आहे: दोघांनीही गुरूच्या मर्जीवर अवलंबून असलेली विद्या वर्गात आणली, दोघांनीही लहान लहान टप्पे पाडले, आणि दोघांवरही विद्येचे सत्त्व पातळ केल्याचा आरोप जाणकारांनी केला. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा, राष्ट्रभाषेच्या परीक्षा आणि गांधर्वच्या परीक्षा देत वाढलेल्या पिढीने आपल्या मुलांना कराटेच्या वर्गात घातले, तेव्हा पिवळ्यानंतर नारिंगी का आणि परीक्षेचे शुल्क कशासाठी, हे तिला समजावून सांगावे लागले नाही. प्रमाणपत्रांच्या फायलीत आणखी एक कप्पा वाढला, इतकेच.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक परिसरात तर या शिडीची दुसरी आवृत्तीही नांदते. १९८६ मध्ये अमेरिकेतील मोटोरोला कंपनीत बिल स्मिथ यांनी ‘सिक्स सिग्मा’ ही गुणवत्तेची पद्धत मांडली. उत्पादनातील दोष दहा लाख संधींमागे ३.४ इतके खाली आणणे हे तिचे उद्दिष्ट, आणि त्यासाठी संख्याशास्त्र वापरून प्रक्रिया सुधारणाऱ्या कर्मचाऱ्यांना ग्रीन बेल्ट, ब्लॅक बेल्ट आणि मास्टर ब्लॅक बेल्ट अशा श्रेणी देण्यात आल्या. १९९० च्या दशकाच्या मध्यात जनरल इलेक्ट्रिकने ती उचलल्यावर वाहन उद्योगासह सर्वत्र तिचा बोलबाला झाला. येथील कारखान्यांतून कायझेन (सततची सुधारणा) आणि पोका-योके (चूक होऊच न देणारी रचना) हे शब्द थेट जपानी उत्पादनपद्धतीबरोबर आले, पण ब्लॅक बेल्ट हा मूळचा जपानी मान मात्र अमेरिकेला वळसा घालून पोहोचला, हा इतिहासाचा खोडकरपणाच म्हणावा लागेल. परिणामी रहाटणीत एकाच घरात दहा वर्षांच्या मुलीचा ग्रीन बेल्ट कपाटात आणि तिच्या वडिलांचा ग्रीन बेल्ट नोकरीच्या अर्जात असू शकतो. दोहोंची जात एकच आहे: अभ्यासक्रम, परीक्षा, प्रमाणपत्र, आणि ते देणाऱ्या संस्थेची पत.

ही पत हाच आजचा कळीचा प्रश्न आहे. गोच्या श्रेणी एका सत्तेखाली होत्या, कोडोकानचे डॅन एकाच वहीत नोंदले जात. कराटेत मात्र शैली अनेक, प्रत्येक शैलीच्या संघटना अनेक, आणि प्रत्येक संघटनेला आपापले पट्टे देण्याची मुभा आहे. कायद्याने ‘ब्लॅक बेल्ट’ ही पदवी कोणासाठी राखून ठेवलेली नाही. त्यामुळे एका वर्गात सात-आठ वर्षांच्या सरावानंतर मिळणारा काळा पट्टा दुसऱ्या वर्गात अडीच-तीन वर्षांतही मिळू शकतो, आणि दोन्ही पट्टे दिसायला सारखेच असतात. तायक्वांदोच्या जागतिक महासंघाच्या परंपरेत पंधरा वर्षांखालील मुलांना पूर्ण काळा पट्टा न देता अर्धा तांबडा व अर्धा काळा ‘पूम’ पट्टा दिला जातो. वयाचा असा विवेक सर्वत्र पाळला गेला असता तर इयत्ता चौथीतील ब्लॅक बेल्टधारकांचे फलक शहरात इतके दिसले नसते.

स्पर्धेच्या मैदानात पट्ट्याला मिळणारी वागणूकही याच दिशेने बोट दाखविते. जागतिक कराटे महासंघाच्या नियमांनुसार लढतीला उतरताना खेळाडू आपल्या श्रेणीचा पट्टा बांधत नाही. एकाच्या कमरेला तांबडा आणि दुसऱ्याच्या कमरेला निळा पट्टा असतो, आणि त्यातून पंचांना फक्त बाजू कळते. महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या परीक्षेत मिळणारे क्रीडागुण आणि शासकीय नोकऱ्यांतील खेळाडूंसाठीचे पाच टक्के आरक्षण हे मान्यताप्राप्त स्पर्धांतील कामगिरीवर अवलंबून आहे. पट्ट्याचा रंग त्या अर्जात विचारलाच जात नाही. म्हणजे तालमीचा जुना निकष, कोणाशी लढला आणि काय झाले, हा शासनाने आणि क्रीडा महासंघांनी आपल्यापुरता टिकवून धरला आहे.

यावरून पट्टा निरर्थक ठरत नाही. विशारद झालेला प्रत्येक जण मैफल जिंकत नाही, तरी विशारद व्हायला रियाज लागतो; त्याचप्रमाणे हिरवा पट्टा स्वसंरक्षणाची हमी देत नाही, पण ठरलेले काता, म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्याशी करावयाच्या हालचालींचा क्रमबद्ध संच, ठरलेले पवित्रे आणि ठरलेली शिस्त विद्यार्थ्याने कोणाच्या तरी देखरेखीखाली पूर्ण केल्याचे सांगतो. ते ‘कोणाच्या तरी’ कोण, एवढेच पट्टा सांगत नाही. १८८३ मध्ये पहिला डॅन दिला गेला तेव्हा पट्टा अस्तित्वात नव्हता आणि नोंदवही होती, हे लक्षात ठेवून रहाटणीतील पालकांनी वर्ग निवडताना शिक्षकाच्या कमरेकडे पाहण्याऐवजी त्याचे डॅन-प्रमाणपत्र मागावे, ते कोणत्या संघटनेने कोणत्या साली दिले हे वाचावे, ती संघटना मान्यताप्राप्त स्पर्धांत खेळाडू पाठवू शकते का याची चौकशी करावी, आणि दोन परीक्षांमधले किमान अंतर किती हे प्रवेशशुल्क भरण्यापूर्वीच विचारून घ्यावे.